वेबसाइट करून घेण्याआधी तिच्या चाव्यांचा विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत हळद पूड आणि घरगुती मसाल्यांचा आमचा लहानसा व्यवसाय असून मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई मिळून तो गेली सतरा वर्षे सांभाळत आहोत. अलीकडे दर महिन्याला कोणी ना कोणी परिचित आमच्याकडे येतो, मग ती पापड करणारी भगिनी असो, बेदाण्याचा व्यापारी असो की शेतीची अवजारे बनवणारा तरुण असो, आणि एकच प्रश्न विचारतो: ‘व्यवसायाची वेबसाइट करायची आहे, वर्डप्रेसवर करू, विक्सवर करू, की सरळ शॉपिफाय घेऊ?’ मी संगणक अभियंता नाही. परंतु दहा वर्षांत दोन वेळा वेबसाइट उभारण्याचा आणि एकदा ती पूर्णपणे गमावण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या प्रश्नाविषयी काही लिहावे, आणि आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेल्या नव्या उद्योजकांपर्यंत ते पोहोचावे, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे.

या तिन्ही वेबसाइट चालवण्याच्या प्रणाली आहेत, आणि ज्यांना ही नावे नवी आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की अशी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे व्यवहारात जिला सीएमएस म्हणतात, ती वेबसाइटचा मजकूर, छायाचित्रे आणि किमती एका ठिकाणी साठवते, त्यांची मांडणी दुसऱ्या ठिकाणी ठेवते, आणि कोणी पान उघडले की दोहोंची सांगड घालून ते दाखवते. यामुळे मांडणीला धक्का न लावता मजकूर बदलता येतो, आणि मजकुराला हात न लावता मांडणी बदलता येते. दुकानदाराला प्रोग्रॅमिंग न शिकता स्वतःच्या मालाचा भाव स्वतः बदलता यावा, हाच या सगळ्याचा मूळ उद्देश आहे. ज्या वेबसाइटवर मालकाला हे करता येत नाही, तिच्यामागे कितीही नामांकित प्रणाली असली तरी मालकाच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत कशामुळे झाले ते सांगणे आवश्यक आहे. २०१६ साली आम्ही पहिली वेबसाइट करून घेतली. ती करणाऱ्या संस्थेने स्वतः लिहिलेली प्रणाली वापरली होती आणि ‘ही खास तुमच्यासाठी बनवली आहे’ असे सांगितले होते, ज्याचे आम्हाला तेव्हा कौतुकच वाटले. हळदीचा भाव बाजार समितीतील सौद्यांप्रमाणे वर-खाली होतो, त्यामुळे पुडीची किंमत वर्षातून चार-पाच वेळा बदलावी लागते. प्रत्येक वेळी त्या संस्थेला ई-मेल करायचा, त्यांच्या माणसाला सवड होईपर्यंत वाट पाहायची आणि बदलाचे वेगळे पैसे मोजायचे, असा शिरस्ता पडला. तोपर्यंत गिऱ्हाईक जुन्या किमतीने मागणी नोंदवत असे आणि शब्द पाळायचा म्हणून आम्ही तोट्यात माल पाठवत असू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमच्या दुकानात छातीएवढे पाणी होते, दूरध्वनी बंद पडला होता आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके काळजीने चौकशी करू पाहत होती. ‘दुकान काही दिवस बंद आहे, या मोबाइल क्रमांकावर बोलावे’ एवढी एक ओळ वेबसाइटवर लावायची होती, पण ती लावण्याची सोय आमच्या हाती नव्हती, कारण आम्हाला लॉगिनच दिलेले नव्हते, आणि ज्या माणसाकडे ते होते तो नोकरी सोडून गेला होता. ती ओळ अठरा दिवसांनी लागली. तोवर आम्ही चिखल काढून दुकान उघडलेही होते. दुकानातल्या संगणकात मालाची मूळ छायाचित्रे आणि सगळा मजकूर होता, तो संगणक पाण्यात गेला. वेबसाइटवरची प्रत तरी मिळावी म्हणून आम्ही त्या संस्थेकडे गेलो, तेव्हा प्रणाली त्यांची असल्यामुळे प्रत देता येणार नाही, असे उत्तर मिळाले.

पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे जायचे ठरवले, तेव्हा खरा धक्का बसला. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा जो पत्ता आम्ही आमचा समजत होतो, तो त्या संस्थेने स्वतःच्या नावावर नोंदवला होता. त्यांनी त्याचे नूतनीकरण केले नाही. मुदत संपलेले डोमेन लगेच सुटत नाही. डॉट कॉमसारख्या पत्त्यांना मुदतीनंतर काही काळ आणि त्यानंतर जादा शुल्क भरून परत मिळवण्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात. परंतु ही सवलत ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यालाच असते, आणि ते नाव आमचे नव्हते. तो पत्ता कोणा अनोळखी माणसाने घेतला आणि त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. आमच्याकडे त्याच पत्त्याची छपाई असलेले १२ हजार पाऊच शिल्लक होते. घरातली सगळी माणसे बसून आम्ही त्यांवर स्टिकर चिकटवले, पण जे पाऊच आधीच लोकांच्या स्वयंपाकघरात गेले होते त्यांचे काहीच करता आले नाही.

म्हणून आज मला कोणी ‘कोणती प्रणाली चांगली’ असे विचारले, की मी आधी उलट विचारते, ‘उद्या ती सोडायची वेळ आली तर तुमच्याबरोबर काय काय येईल?’ डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ई-मेलवर आणि तुमच्या कार्डावर नोंदवलेले आहे का. होस्टिंगचे खाते, म्हणजे वेबसाइट ज्या सर्व्हरवर राहते त्या जागेचे खाते, तुमचे आहे का. वेबसाइटच्या आत सर्वाधिकार असलेले अ‍ॅडमिन लॉगिन तुमच्याकडे आहे का. आणि सगळा मजकूर छायाचित्रांसह एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? प्रणालीची निवड या चारांपैकी शेवटच्या दोन गोष्टी ठरवते आणि पहिल्या दोन गोष्टी केवळ तुमच्या सावधपणावर अवलंबून असतात.

या कसोटीवर पाहिले तर नवशिक्या व्यावसायिकाला मी बहुतेक वेळा वर्डप्रेसच सुचवते, आणि त्याची कारणे फॅशनमधली नाहीत. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका जुन्या, बंद पडत चाललेल्या ब्लॉग-सॉफ्टवेअरच्या आधारे ते सुरू केले. जुने सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरण्याची व बदलण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली, असल्यामुळेच त्यांना तसे करता आले, आणि वर्डप्रेसही त्याच परवान्याखाली असल्यामुळे उद्या त्याचे आजचे चालक बाजूला झाले तरी दुसरे कोणी ते पुढे नेऊ शकतात. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. याचा सांगलीतल्या मसालेवाल्याला थेट उपयोग असा, की एका कारागिराशी पटले नाही तर दुसरा सहज मिळतो, आणि पीएचपी व मायएसक्यूएल ही वर्डप्रेसला लागणारी सॉफ्टवेअर उपलब्ध असलेल्या जवळपास कोणत्याही साध्या होस्टिंगवर सगळे उचलून नेता येते. आमची पहिली वेबसाइट जर यावर असती, आणि लॉगिन आमच्याकडे असते, तर २०२० चा मनस्ताप दोन दिवसांच्या कामापुरता राहिला असता.

येथे एका गोंधळाविषयी सावध करते, कारण माझ्याकडे आलेल्या लोकांपैकी निम्मे त्यात सापडले होते. वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि वर्डप्रेस डॉट कॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या ठिकाणाहून सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि ते तुम्ही आपल्या होस्टिंगवर बसवता. दुसरी ही ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीची सेवा असून तिथे होस्टिंगही त्यांचेच असते, आणि तिच्या मोफत योजनेत स्वतःचे डोमेन लावता येत नाही की प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्रॅम, बसवता येत नाहीत. दोन्हींत वाईट काही नाही, पण आपण कोणत्या दारातून आत जात आहोत हे माहीत असले पाहिजे.

विक्स आणि स्क्वेअरस्पेस यांसारख्या तयार सेवांवर माझा राग नाही. सुरक्षा, अपडेट आणि बॅकअप (राखीव प्रत) यांची जबाबदारी त्या कंपन्या घेतात, आणि ज्याच्याकडे महिन्यातून एक तासही वेबसाइटकडे पाहायला वेळ नाही अशा माणसाला हा मोठा आधार आहे. शिवणवर्ग चालवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी हाच मार्ग सुचवला, कारण तिला चार पाने, वेळापत्रक आणि पत्ता एवढेच हवे होते. मात्र विक्सवर उभारलेली वेबसाइट जशीच्या तशी दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे त्या कंपनीनेच आपल्या मदत-पानांवर लिहिलेले आहे. चार पाने पुन्हा टंकलिखित करता येतात, चारशे येत नाहीत. त्यामुळे अशी सेवा घ्यायचीच असेल तर डोमेन त्यांच्याकडून मोफत न घेता स्वतः वेगळे नोंदवावे आणि मग त्या सेवेला जोडावे, म्हणजे घर बदलले तरी पाटी आपल्याकडे राहते.

फुकट जागेच्या भरवशावर राहू नये, हेही याच ओघात सांगितले पाहिजे. याहूची जिओसिटीज ही एके काळी अफाट लोकप्रिय असलेली सेवा २००९ मध्ये बंद झाली. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून मोफत बनणाऱ्या एकपानी वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आल्या, आणि ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डांवर तोच पत्ता होता त्यांना नवी कार्डे छापावी लागली. नकाशावर दुकान दिसावे यासाठी ते प्रोफाइल आजही अत्यावश्यक आहे आणि प्रत्येक दुकानदाराने ते करावेच. परंतु त्यावर आपला स्वतःचा पत्ता द्यावा.

ज्यांना प्रत्यक्ष ऑनलाइन विक्री करायची आहे त्यांचा विचार थोडा वेगळा आहे. दिवसाला पाच-सात पार्सले जात असतील तर वर्डप्रेसमध्ये वूकॉमर्स हे प्लगइन पुरते. आम्ही तेच वापरतो. पार्सले पन्नासच्या घरात गेली, मालाचे अनेक आकार-वजने झाली आणि साठ्याचा हिशेब रोज जुळवावा लागू लागला, की शॉपिफायसारखी केवळ दुकानासाठी बनलेली सेवा डोक्याचा ताप कमी करते. तिथून मालाची, गिऱ्हाइकांची आणि मागण्यांची यादी फाइलमध्ये बाहेर काढता येते, ही जमेची बाजू आहे. खर्चाच्या बाजूला मासिक भाडे धरावे, आणि शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात उपलब्ध नसल्यामुळे पेमेंट गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या, शुल्काखेरीज शॉपिफायचेही शुल्क अशा प्रत्येक ऑनलाइन व्यवहारावर पडते, हे नफ्याचे गणित मांडताना विसरू नये. २०० रुपयांच्या मसाल्याच्या पाकिटावर दोन्हीकडचे शुल्क आणि कुरिअरचा खर्च गेला, की हातात काय उरते ते आधी कागदावर मांडून पाहावे.

कोणतीही प्रणाली घेतली तरी पेमेंट गेटवे सुरू करण्याआधी त्या कंपन्या तुमच्या वेबसाइटवर अटी, गोपनीयता, परतावा आणि संपर्क यांची पाने आहेत का ते तपासतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे द्यायचे असते. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी आपला १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांकही वेबसाइटवर द्यावा, असे मला वाटते. दुसऱ्या कोणाच्या वेबसाइटवरून ही पाने उतरवून घेणारे मी पाहिले आहेत. एका ठिकाणी तर परताव्याच्या पानावर भलत्याच शहरातील न्यायालयाचा उल्लेख तसाच राहिला होता. ही पाने मराठीतही असावीत, कारण आपले गिऱ्हाईक ती मराठीत वाचणार आहे.

जूमला आणि ड्रुपल यांची नावेही कोणी कोणी सुचवतात, म्हणून त्यांविषयी थोडेसे. जूमला २००५ मध्ये आले, आणि त्याचे नाव स्वाहिलीतील ‘जुमला’, म्हणजे ‘सगळे मिळून’, या शब्दावरून घेतलेले आहे. मूळ अरबी असलेला हाच शब्द आपल्या जुन्या मराठी हिशेबांतही एकूण बेरजेसाठी येतो, याचे मला फार नवल वाटले. ड्रुपल २००१ पासून आहे आणि विद्यापीठे, मोठ्या संस्था व सरकारी खाती, जिथे अनेक विभागांतील अनेक माणसांना वेगवेगळे अधिकार द्यावे लागतात, तिथे ते उत्तम काम देते. परंतु त्याची सातवी आवृत्ती ५ जानेवारी २०२५ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाली आणि तिच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळपास नवे बांधकामच ठरते. एवढा व्याप दोन माणसांच्या मसाल्याच्या दुकानाला झेपणारा नाही.

वर्डप्रेसची शिफारस करताना त्याची काळजी किती घ्यावी लागते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच्या अधिकृत भांडारात सुमारे ६० हजार मोफत प्लगइन आहेत, आणि नवशिक्याला प्रत्येक हौसेसाठी एक बसवण्याचा मोह होतो. प्रत्येक प्लगइन म्हणजे दुकानाला पाडलेले आणखी एक दार आहे. त्याचे अपडेट थांबले की ते दार उघडे राहते. आमच्या ओळखीच्या एका काजू प्रक्रिया करणाऱ्या गृहस्थांची वेबसाइट गूगलवर शोधली की तिच्या नावाखाली जपानी अक्षरांत बनावट मालाच्या जाहिराती दिसू लागल्या. तपास केला तेव्हा कळले, की वेबसाइट करणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी विकतच्या थीमची, म्हणजे तयार मांडणीची, चोरटी प्रत बसवली होती आणि तिच्यातच तो घातक कोड दडवलेला होता. त्यांचा दोष एवढाच, की थीम कुठून आणली हे त्यांनी विचारले नाही. आम्ही वर्डप्रेसबरोबर येणारी मूळ थीम वापरतो, प्लगइन सातच ठेवले आहेत, दर सोमवारी अपडेट करतो, आणि महिन्याच्या एक तारखेला बॅकअप घेऊन त्याची एक प्रत पुण्याला नणंदेकडे ठेवतो. महापुराने शिकवलेला तो धडा आहे. बॅकअप आणि संगणक एकाच कपाटात असू नयेत.

मराठी वेबसाइटपुरती एक अडचण स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे, आणि वेबसाइट करणारे तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. आपली माहितीपत्रके वर्षानुवर्षे छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवली गेली आहेत. तो मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना व मोबाइलना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावा लागतो, आणि त्यानंतर ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतला र्‍हस्व-दीर्घासह प्रत्येक जोड नजरेखालून घालावा लागतो. बदलून घेण्याऐवजी काही जण त्या मजकुराचे छायाचित्रच लावून मोकळे होतात. मग गूगलच्या शोधात तो मजकूर सहसा येत नाही, ‘सांगलीची हळद’ असे शोधणाऱ्याला तुमचे दुकान सापडत नाही, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा गिऱ्हाइकाचे वाचक-सॉफ्टवेअर तिथे मुके होते. फाँटची तर आता अडचणच उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो आणि मोबाइलवर फार सुवाच्य दिसतो. डॉट भारत हा देवनागरी पत्ताही २०१४ पासून घेता येतो. मात्र पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना त्यांचे अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेले लांबलचक शेपूट होते. म्हणून मजकूर मराठीत आणि पानाचा पत्ता छोट्या रोमन अक्षरांत, अशी तडजोड आम्ही केली आहे. आमच्या वर्डप्रेसचा आतला कारभारही मराठीत आहे, त्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेल्या जाऊबाई आता किमती स्वतः बदलतात.

माझी एक विनंती आहे. जिल्हा उद्योग केंद्रे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बचत गटांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था यांनी वेबसाइटविषयीच्या वर्गात पहिला तास डोमेन आणि लॉगिन यांच्या मालकीसाठी द्यावा, आणि वर्ग संपण्यापूर्वी प्रत्येक प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या मोबाइलवरून एक किंमत बदलून आणि एक बॅकअप उतरवून दाखवावा. तसेच वेबसाइट करून घेताना आम्ही आता ज्या मजकुरावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतो, तो येथे देत आहे. शक्य झाल्यास तो जसाच्या तसा छापावा, म्हणजे कात्रण काढून ठेवता येईल:

‘डोमेन व होस्टिंग यांची नोंदणी व्यावसायिकाच्या नावे, त्याच्या ई-मेलवर व त्याच्याच पैशांनी केली जाईल. काम सुरू होईल त्याच दिवशी अ‍ॅडमिन लॉगिन व्यावसायिकाकडे दिले जाईल. वापरलेली प्रत्येक थीम व प्लगइन अधिकृत ठिकाणाहून घेतलेले असेल आणि त्यांची यादी परवान्यांसह दिली जाईल. अंतिम रक्कम देण्यापूर्वी संपूर्ण वेबसाइटचा बॅकअप व्यावसायिकाच्या हाती दिला जाईल आणि तो दुसऱ्या ठिकाणी चालवून दाखवला जाईल.’

आपली नम्र,
हळद-मसाल्यांची एक लघुउद्योजिका,
सांगली